मेंग म्हाताऱ्याचे तीन किडे

चूक सगळी मेंग म्हाताऱ्याची होती, बरं का. पोरीची नाही, सुनेची नाही. एवढं आधी ऐकून ठेवा, मग खुशाल डोळे मिटा.

फार पूर्वी कोरिया देशात, डोंगराच्या पायथ्याशी एक घर होतं. घरात मेंग, त्याची विधवा सून आणि सहा वर्षांची नात बुन्नी. तिकडं लोक मानायचे, की प्रत्येकाच्या पोटात तीन किडे राहतात. दर साठाव्या रात्री माणूस झोपला, की ते आभाळातल्या राजाकडे जातात आणि त्याने पाहिलेलं, केलेलं सगळं सांगतात. मग राजा पाप्याचं आयुष्य कापतो. म्हणून त्या रात्री जागायचं. अशा लागोपाठ सात रात्री जागलं, की किडे मरतात.

आता मेंगचं पाप काय? बुन्नी आजारी असायची. सून रोज पहाटे विहिरीचं पहिलं पाणी वाडग्यात भरून सप्तर्षींपुढं ठेवायची, पोरीसाठी आयुष्य मागायची. म्हातारा ते गुपचूप पिऊन टाकायचा, ते आयुष्य आपल्याला मिळावं म्हणून. वर मांजरीचं नाव सांगायचा.

बुन्नीनं हे पाहिलं होतं. म्हणजे तिच्या किड्यांनीही पाहिलं. मग म्हातारा तिलाही जागवायला लागला. पहिल्या रात्री तिच्याकडून ढोल बडवून घेतला. पुढं पुढं तिच्या डोळ्यांना गार पाणी लावलं. दर साठ दिवसांनी एक, अशा सहा रात्री गेल्या. सातव्या रात्री पोर तापली.

"मामंजी, झोपू द्या तिला," सून म्हणाली.

"एवढी एकच रात्र, सूनबाई. उद्या लोळू दे दिवसभर."

"आबा, तुम्ही जागा की. मी कशाला?" बुन्नी म्हणाली.

"मोठ्यांना उलट बोलू नये."

उत्तर सापडलं नाही, की मोठी माणसं हेच म्हणतात.

मग सुनेनं त्याच्याकडे पाठ केली, पोरीला मांडीवर घेतलं आणि थोपटलं. बुन्नी झोपली. तिचे किडे हळूच निघाले, वर पोचले.

राजानं विचारलं, "पोरीचा काही गुन्हा?"

"काही नाही. दमलीय बिचारी." मग त्यांनी वाडग्याचं सांगितलं.

राजा म्हणाला, "प्यायलेलं आयुष्य राहू दे त्याच्याकडे. त्याची झोप काढा आणि पोरीला द्या."

सकाळी बुन्नीचा ताप उतरला. पुढं मायलेकी सुखानं राहिल्या, रोज गाढ झोपल्या. तुम्हीही झोपा आता, इथं कुणी ढोल वाजवणार नाही.

मेंग आणखी तीस वर्षं जगला. त्या तीस वर्षांत त्याचा एकदाही डोळा लागला नाही.