फोकसचं कडं आणि झरोका

रिळावर फोटो निघत, त्या काळी बेलवलकरांच्या स्टुडिओत एक जाडजूड कॅमेरा होता. त्याच्या भिंगावरचं फोकसचं कडं भारी मानी. "चेहरे स्पष्ट येतात ते माझ्यामुळे," असं ते भिंगातून उजेड आत सोडणाऱ्या, लहानमोठ्या होणाऱ्या झरोक्याला रोज ऐकवायचं.

एकदा तिरोडकरांचं अख्खं घर फोटोला आलं. पुढे खुर्चीत सुभद्राआजी, मागे तीन ओळी. रिळात एकच फोटो उरला होता आणि शेवटच्या ओळीतला थोरला नातू दुपारच्या बोटीने आफ्रिकेला निघणार होता.

कडं ऐटीत फिरलं. आजी लख्ख दिसल्या, पण नातू धुक्यात गेला. उलट फिरलं, तर नातू लख्ख आणि आजी धूसर. पुढेमागे करून ते रडकुंडीला आलं.

"तू आजींच्या मागच्या ओळीवर थांब," झरोका म्हणाला. "मी बारीक होतो, म्हणजे पुढचे-मागचे सगळेच स्पष्ट येतील."

"पण उजेड कमी पडेल ना."

"मी जास्त वेळ उघडं राहीन," रिळापुढे पडद्यासारखं उघडमीट करणारं शटर म्हणालं. "फक्त कोणी हलायला नको."

कडं मुकाट्याने थांबलं. झरोका मिटत मिटत मुगाएवढा झाला. "श्वास रोखा," बेलवलकर म्हणाले, आणि रांगणारं बाळसुद्धा गप्प बसलं.

फोटो वाळत ठेवला, तेव्हा आजींच्या सुरकुत्या मोजता येत होत्या आणि नातवाच्या डोळ्यांतलं पाणीही दिसत होतं.

"कसा आलाय?" झरोक्याने विचारलं.

कडं जरा घुटमळलं. "आपला ना? छान आलाय."