पाचशे गोळ्यांचं मत

शस्त्रागाराच्या हवालदार शेवंता गाडेकर यांचं डोकं सणकलं होतं. जिल्ह्याच्या पोलिसांसाठी दोन पिस्तुलांतून एक निवडायचं होतं. दोन्ही जुळ्या भावांसारखी, वजनालाही सारखीच. बाईंनी प्रत्येकातून पाचशे गोळ्या झाडून अहवाल दिला होता: हिरव्या डब्यातलं एकदाही अडकलं नाही, काळ्या डब्यातलं सात वेळा अडकलं. उपअधीक्षक सरंजामे यांनी निवडीच्या बैठकीत तो न वाचताच चुरगळून टोपलीत भिरकावला.

“अहो बाई, पिस्तूल हातात घेतलं की दर्जा कळतो. काळ्या डब्यातलंच अव्वल. मी डोळे मिटूनसुद्धा ओळखेन!”

सात वेळा अडकलं म्हणजे सात शिपायांच्या जिवावर बेतलं असतं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मग मिटाच, सर.”

भरल्या बैठकीत साहेब माघार कशी घेणार? त्यांनी डोळ्यांवर रुमाल बांधून घेतला. शस्त्रागाराच्या रीतीप्रमाणे बाईंनी पिस्तुलाचा वरचा भाग खाडकन मागे ओढून ते रिकामं असल्याचं सगळ्यांना दाखवलं आणि साहेबांच्या हातात दिलं.

“शी! नुसता दगड. हे हिरव्यातलं.”

बाईंनी ते परत घेतलं. पुन्हा तसाच खाडकन आवाज झाला, पुन्हा हातात पिस्तूल आलं.

“वा! हेच ते, काळ्यातलं!”

रुमाल सुटला. काळा डबा टेबलावर बंदच होता.

“दोन्ही वेळा हिरव्यातलंच दिलं, सर.” बाईंनी टोपलीतला अहवाल काढून त्यांच्यापुढे आपटला. “तुमच्या हाताचं मत मिनिटात फिरलं. आता पाचशे गोळ्यांचं वाचा, आणि खाली सही करा.”