शिंपल्यांचा चौरस

एका राज्यात पाखरे माणसांच्या भाषेत बोलत, आणि तिथला राजा सुमेध गणितावर जीव टाकी. प्रासादाच्या अंगणात वाळूवर आकृत्या मांडत तो बसे, आणि लहान मुलासारखा हसे. राणी इंदुलेखा शेजारी असे, पण तिला त्यात काही दिसत नसे. बालपणी गुरूंनी तिला सांगितले होते, "अंकविद्या तुझ्यासाठी नव्हे." ते वाक्य तिच्या गळ्यात काट्यासारखे रुतून राहिले होते.

एके दिवशी कालकंठ नावाचा मांत्रिक आला.

"राजा, काय पाहून हसतोस? मला तर काही दिसत नाही."

"निवांत पाहील त्याला दिसते. कोणालाही."

मांत्रिकाला तो अपमान वाटला. "कोणालाही? मग 'मला दिसत नाही' म्हणणारे कोणी हे पाहून हसेल, तोवर तू पाषाण हो!"

राजा बसल्या जागी पाषाण झाला. पंडितांचा उपयोग नव्हता. त्यांना सारे येतच होते.

राणी राजवनातल्या वृद्ध साळुंकीकडे गेली. साळुंकी म्हणाली, "तीन कामे कर. आधी नागसरोवरातून ओटीभर शिंपले आण."

राणी पाण्यात उतरली. पाच फण्यांचा नाग आडवा आला.

"कशाला हवेत?"

"माझे माणूस दगड झाले आहे."

नागाने वाट दिली.

"आता गळ्यातले वाक्य विहिरीत टाक," साळुंकी म्हणाली. हे फार अवघड गेले. राणी विहिरीच्या काठावर बसून रडली. शेवटी वाक्य ओठांवर आले, सुटले, आणि डुबुक्कन बुडाले.

"आता शिंपले मांड. घाई नको."

साळुंकीला खांद्यावर घेऊन राणी अंगणात परतली आणि राजाच्या पायाशी तिने एक शिंपला ठेवला. त्याला दोन बाजूंनी कवेत घेत तीन ठेवले. इवलासा चौरस झाला. त्याच्या कडेने तसेच पाच ठेवले. पुन्हा चौरस! राणी थबकली.

"आता सात लागतील," ती म्हणाली.

सातच लागले.

"पण का गं?" तिने साळुंकीला विचारले.

"मला नको, शिंपल्यांना विचार."

राणी पाहत राहिली. चौरसाची बाजू दर वेळी एकाने वाढत होती, म्हणून कवेतल्या दोन्ही हातांना एकेक शिंपला जास्त लागत होता. म्हणून दर खेपेस दोन जास्त. कोणाची आज्ञा नव्हती. दुसरे काही घडूच शकत नव्हते! राणी शाप विसरली, नाग विसरली, आणि खुदकन हसली.

पाषाणाला ऊब आली. राजाने डोळे उघडले. "काय दिसले, राणी?"

"थांबा ना महाराज, नऊ मांडते आहे!"

शाप तुटताच कालकंठाची मंत्रविद्या गळून पडली. तो महाद्वारात येऊन उभा राहिला. पहारेकऱ्यांनी भाले रोखले. मान खाली घालून त्याने विचारले, "मला... दिसेल?"

राणी जरा सरकली. शेजारची वाळू तिने तळहाताने सपाट केली. "बसा. एक शिंपला ठेवा."

दिवेलागणीला दासी सर्वांना भोजनासाठी बोलवायला आली, तेव्हा मांत्रिक वर न पाहताच म्हणाला, "आता अकरा हवेत, बाई. आहेत का?"