भेगेत उतरलेली काठी

त्या दिवशी वैशाखाचं ऊन असं कडक, की काळ्या जमिनीला चार-चार बोटं रुंद भेगा पडलेल्या. तिथंच अंगणवाडी बांधायची होती.

इंजिनिअर साहेब म्हणाले, "दोन फूट पाया बास!"

मी म्हणालो, "पावसात ही माती फुगते, साहेब. आमच्या घराची भिंत अशीच फाटली."

"आजोबा, शिकलात किती?"

बायकोच्या माघारी जपलेली तिची चार फुटी काठी मी भेगेत सोडली. मुठीपर्यंत गेली, तरी तळ लागेना.

"शाळा नाही बघितली, साहेब. पण काठीला जिथं चार फुटांवर टेकायला जागा नाही, तिथं तुमची भिंत दोन फुटांवर कशी टेकेल?"

साहेबांनी नकाशावर पाया सहा फूट केला.

मी काठीची मूठ पुसत उभा राहिलो. शेजारचे बाबाराव हळूच म्हणाले, "तात्या, वहिनींनी जन्मभर भिंतीच्या भेगेत चिंध्या कोंबल्या. आज हे ऐकायला त्या हव्या होत्या."