साळिंदरबाईंनी वाचवलेली टोपली

फार वर्षांपूर्वी एका रानात साळिंदरबाईंचं बीळ घुशीने बळकावलं. पोपटवकिलांनी कासव न्यायाधीशांपुढे महिनाभर भांडून ते परत मिळवून दिलं. ठरलेली टोपलीभर बोरं मागताच बाई म्हणाल्या, "बीळ माझंच होतं. तुम्ही नुसते बोललात."

पोपटाने दावा लावला. बाईंनी दोन टोपल्या आगाऊ देऊन कावळेवकील नेमले. बिळाच्या खटल्यात पोपटाने काहीच काम केलं नव्हतं, हे कावळ्याने झकास सिद्ध केलं. टोपली वाचली, म्हणून बाई रानभर मिरवल्या.

तोच निकाल घेऊन घूस कोर्टात गेली. "महाराज, यांच्या वकिलाने कामच केलं नाही, मग बीळ यांना कसं मिळालं?"

कासवाला ते पटलं.

बेघर बाई कावळ्याकडे धावल्या.

"पोपटाने काम केलं होतं, असं सिद्ध करायचंय?" कावळा म्हणाला. "करू की. चार टोपल्या, आगाऊ."