नागप्पाचा दुसरा पाय

शिमोन महाराज त्या वेळी सोलापुरात, बंद गिरणीमागच्या एका जुन्या ख्रिस्ती देवळात राहत होते. राहत होते म्हणजे ओसरीवर त्यांची एक चटई होती, एवढंच! ख्रिस्ती माणसाला महाराज कसं म्हणायचं, असा प्रश्न मंडळीतल्या शहाण्यांना पडे. फाटकाबाहेर फूटपाथवर झोपणाऱ्यांना तो कधीच पडला नाही. "माझं गाव तिकडं आहे," असं महाराज म्हणत, आणि रोज त्या गावात जाऊन बसत.

सलोमी ही त्यांची भाबडी भक्त. नवरा गेल्यावर तीही याच फूटपाथवर आली होती. महाराजांनी तिला देवळाची झाडलोट दिली, मागची खोली दिली. तेव्हापासून फूटपाथवरची म्हातारीकोतारी ती आपलीच समजे. कुणाच्या केसांतल्या उवा काढी, कुणाला भाकरी कुस्करून भरवी. देवळाच्या पंचांचे प्रमुख शद्रकराव ओहोळ मात्र तिला पाहिलं की नाक मुरडत. "काय सलोमी, आज कुठल्या राजाला न्हाऊ घातलंस?" असं विचारत, आणि सोबतचे हसत. देवळाचं छप्पर शद्रकरावांनीच घातलेलं होतं, तेव्हा हसणं भागच होतं.

पवित्र गुरुवार आला. प्रभूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्या आठवणीसाठी महाराज दरवर्षी बारा जणांचे पाय धूत. ते बारा निवडणार शद्रकराव. आणि निवडलेले गडी काय करत, ठाऊक आहे? घरूनच वजरीनं टाचा घासून, साबण लावून, वर पावडर थापून येत! महाराज बिचारे धुतलेलेच पाय पुन्हा धूत बसत.

त्या दिवशी नळ कोरडे होते. विधीपुरतं पाणी सलोमीनं तांब्याच्या हंड्यात जपून ठेवलं होतं. दुपारी फाटकाजवळ तिला नागप्पा विव्हळताना दिसला. एकेकाळचा गिरणी कामगार, आता फूटपाथच त्याचं घर. त्याच्या उजव्या पायाच्या जखमेत अळ्या पडल्या होत्या. सलोमी थोडा वेळ हंड्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं तो बाहेर आणला आणि परातीत उपडा केला.

"नको गं बाई," नागप्पा म्हणाला, "घाण लागंल तुला."

"गप बस की आजा. पाय दे हिकडं."

जखम स्वच्छ करून तिनं लुगड्याची चिंधी बांधली, तोच शद्रकराव आले. रिकामा हंडा पाहून त्यांचा पारा चढला. "देवाचं पाणी या भिकाऱ्याच्या किड्यांना घातलंस? विधी होऊ दे, मग या म्हाताऱ्याला इथून हाकलतो, आणि त्याच्या मागोमाग तुला! खोली रिकामी कर."

स्वतःची सलोमीला काळजी नव्हती. उघड्यावर ती आधीही राहिली होती. पण असला पाय घेऊन नागप्पा जाणार कुठं, आणि वाचणार कसा? "प्रभू, चूक माझी हाय," ती पुटपुटली, "त्याला शिक्षा नको."

महाराज मागेच उभे होते. म्हणाले, "सलोमी, परातीतलं पाणी फेकलंस का?"

"न्हाई महाराज. आता फेकते."

"फेकू नको. तसंच आत घेऊन ये."

रक्तापुवानं गढूळ झालेली ती परात सलोमीनं देवळात आणून ठेवली. बाराच्या बारा जणांनी पाय वर घेतले. शद्रकराव हसून म्हणाले, "महाराज, या घाणीत पाय कोण घालील?"

"खरं आहे," महाराज म्हणाले. "आधी मीच."

त्यांनी गुडघे टेकले, ओंजळ भरली आणि ते पाणी आपल्या तोंडावर घेतलं! सलोमीनं डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा परातीतलं पाणी नितळ झालं होतं, इतकं की तळावरचे हातोडीचे ठोके दिसत होते. धन्य त्या प्रभूची लीला!

शद्रकरावांनी भीतभीत पाण्यात बोटं बुडवली. त्यांना हुंदका आवरेना. ते महाराजांसमोर कोसळले. "चुकलो, महाराज! माझेही पाय धुवा."

महाराजांनी त्यांना मायेनं उठवलं. म्हणाले, "तुमचे धुतलेलेच आहेत, शद्रकराव. बाहेर नागप्पाचा दुसरा पाय मात्र अजून राहिलाय."

शद्रकरावांनी स्वतः परात उचलून ओसरीवर ठेवली. "आजोबा, तुम्ही आता ओसरीवरच राहायचं," असं म्हणत त्यांनी नागप्पाला आधार देऊन फाटकातून आणलं, आणि कोऱ्या धोतरानिशी त्याच्यापुढे मांडी घातली. सलोमी पाणी ओतू लागली. देवळात काय घडलं, याचा त्या म्हाताऱ्याला पत्ताच नव्हता. तळव्याला हात लागताच तो खुदकन हसला आणि ओरडला, "हळू की बे! गुदगुल्या होतात!"

शद्रकराव ओहोळांना जन्मात कुणी 'बे' म्हटलं नव्हतं. ते रडता रडता हसले, "चुकलो, आजोबा," म्हणाले, आणि त्यांनी त्या ओल्या पायावर डोकं टेकलं.