आधी तुमचा खिलार

वडगावच्या बैलबाजारात लाळ-खुरकुताची लस टोचल्याशिवाय जनावर आत सोडत नसत. बाजार समितीचे सभापती रावसाहेब काकडे मात्र परगावाहून लस न टोचलेले बैल घेऊन फाटकावर आले.

"डॉक्टरीणबाई, उघडा फाटक! जनावरं ठणठणीत आहेत, हा माझा शब्द."

एक बैल आजारी निघाला तरी गोरगरिबांचा बाजार बंद पडणार, हे पशुवैद्य शबाना मुलाणींना ठाऊक होतं.

"शब्द मानला, रावसाहेब. यांना हौदावर पाणी पाजा, आणि त्यांच्या उष्ट्या पाण्यावर तुमचा बक्षीसवाला खिलार आणा. लगेच फाटक उघडते."

"छे! तो नाजूक आहे."

"आन् आमची काय दगडाची हायत व्हय?" गर्दीतली म्हातारी कडाडली.

हशा पिकला. रावसाहेबांनी बैल लसीच्या रांगेत लावले आणि बाजार निर्धास्त भरला.